चौकोन, वर्तुळ आणि यष्टी : स्तूप-विहारांच्या रचनेतील मूलाकार

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, तुमसर तालुक्यात बपेरा हे गाव आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस पवनी आहे. ह्या दोन गावांच्या मध्ये वैनगंगेचे खोरे आणि धानाचा मुलूख पसरलेला आहे. पवनीला दोन हजार वर्षांपूर्वी भव्य स्तूप उभे होते, हे उत्खननाने सिद्ध झाले आहे. बपेरा परिसरातील बौद्ध वस्त्यांत विहार उभे राहिले ते १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. मधली कित्येक शतके ह्या भूमीवर स्तूपाचा आकार कोणाच्या हातून घडला नाही. आज जेव्हा एखाद्या वस्तीत विहाराचा पाया खणला जातो, तेव्हा परंपरेतून हाती आलेले असे काहीच गवंड्याजवळ नसते. जे असते ते भिंतीवरच्या कॅलेंडरातील सांचीचे चित्र आणि नागपूरच्या दीक्षाभूमीची आठवण.

काही वर्षांपूर्वी तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीत विहार समितीच्या बैठकीला बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. भिंती उभ्या झाल्या होत्या, स्लॅब पडला होता, आणि वर घुमट बांधावा की नाही हा वाद होता. वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, घुमट नसेल तर त्याला विहार कोण म्हणेल? ते तर समाजमंदिर झाले. तरुणांचे म्हणणे होते की, त्याच पैशात मागे एक खोली निघते आणि मुलांना अभ्यासिका होते. दोन्ही बाजू तळमळीने बोलत होत्या, कारण पैसा मजुरीतून काढून दिलेला होता. गवंड्याने मध्येच विचारले, घुमट अर्धा गोल हवा की चपटा? त्यावर कोणी काही बोलले नाही. तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "पण गुरुजी, हा गोल आला कुठून जी?"

त्या दिवशी जे उत्तर दिले ते घाईचे आणि अपुरे होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर होय.

वास्तुरचनेचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर प्रथम बिंदू, रेषा, पृष्ठ आणि घन ही चार नावे भेटतात. बिंदू सरकला की रेषा होते, रेषा सरकली की पृष्ठ, पृष्ठ सरकले की घन. त्यापुढे चौकोन, वर्तुळ, त्रिकोण आणि त्यांपासून निघणारे घनाकार. ही मांडणी शाळेतल्या भूमितीसारखी कोरडी वाटते. परंतु बौद्ध वास्तुकलेत हेच आकार एका माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तूंमधून आलेले आहेत, असे आपली परंपरा सांगते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग याने बाल्ख प्रदेशाच्या वर्णनात एक कथा नोंदविली आहे. तपुस्स आणि भल्लिक ह्या दोन व्यापाऱ्यांनी भगवान बुद्धांना बोधिप्राप्तीनंतरचे पहिले अन्नदान केले होते. स्तूप कसा बांधावा, असे त्यांनी विचारले असता भगवंतांनी आपली चीवरे चौकोनी घडी करून एकावर एक ठेवली, त्यांवर भिक्षापात्र पालथे घातले आणि त्यावर आपला दंड उभा केला. चौरस, अर्धगोल आणि उभी रेषा. स्तूपाचे तळपीठ, अंड आणि यष्टी ह्यांचा इतका सोपा नकाशा दुसरा नाही. ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून स्वीकारण्याचा आग्रह कोणी धरू नये, कारण ती बरीच उत्तरकालीन आहे. पण ती ज्यांनी रचली त्यांना स्तूपात भिक्षूची मालमत्ता दिसत होती, ही गोष्ट मोलाची आहे. वस्त्र, पात्र आणि काठी ह्यांपलीकडे त्या नकाशात काही नाही.

ह्यातील वस्त्राचीही स्वतंत्र कथा आहे आणि ती आपल्या धानउत्पादक जिल्ह्याला फार जवळची आहे. विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की, दक्षिणागिरीकडे चारिका करीत असताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. धुऱ्यांनी आखलेल्या, लांब आणि आखूड पट्ट्यांनी जोडलेल्या, चौकांनी एकमेकांस मिळणाऱ्या त्या बांध्या आनंदाला दाखवून त्यांनी विचारले, भिक्षूंसाठी अशी चीवरे करता येतील काय? आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे तयार केली. भिक्षूचे चीवर आजही त्याच रचनेने शिवले जाते. तुमसर-मोहाडीच्या बाजूला श्रावणात रोवणी झाल्यावर उंचावरून बांध्यांकडे पाहावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तोच आराखडा डोळ्यांसमोर येतो. चौकोन हा आकार आपल्याकडे शास्त्रग्रंथातून आला नाही, तो शेतकऱ्याच्या बांधीतून आला.

वर्तुळाचेही तसेच आहे. वर्तुळ काढण्यासाठी एक खुंटी, एक दोरी आणि फिरणारा माणूस पुरतो. खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरविणारा शेतकरी हेच करीत असतो. मधला खांब, त्याभोवतीचा फिरण्याचा मार्ग आणि मध्ये उभी राहणारी धानाची रास, ह्या तिन्हींची नावे स्तूपाच्या परिभाषेत यष्टी, प्रदक्षिणापथ आणि अंड अशी होतात. ही तुलना केवळ लेखकाच्या कल्पनेची नाही. सिंहली परंपरेत स्तूपांच्या आकारांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत घंटाकार, घटाकार, बुद्बुदाकार, पद्माकार ह्यांबरोबर धान्याकार असाही एक प्रकार आहे, म्हणजे धानाच्या राशीसारखा. कोरडे धान्य ओतले की त्याची रास ठराविक उतारावर आपोआप स्थिर होते; तिला भिंतीचा आधार लागत नाही. मातीविटांचा भरीव स्तूपही त्याच न्यायाने उभा राहतो. म्हणूनच तो शतकानुशतके टिकतो आणि कोसळला तरी टेकडीच्या रूपाने उरतो. पवनीचे स्तूप लोकांना टेकड्या म्हणूनच ठाऊक होते.

मात्र गोल आणि चौकोन ह्यांच्यामागे केवळ शेतीची सोय नव्हती. त्यांत सामाजिक भेदही होता, आणि त्याची साक्ष वैदिक वाङ्मयच देते. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात मृतांच्या स्मारक-ढिगाऱ्यांविषयी एक उल्लेख आहे. देवांचे अनुयायी असलेले लोक चौकोनी ढिगारे करतात. असुर, पूर्वेकडील लोक आणि इतर मात्र गोल ढिगारे करतात, असे तेथे म्हटले आहे. अर्थात मगध, विदेह ह्या पूर्वेकडील प्रदेशांत गोल समाधी बांधण्याची रीत बुद्धापूर्वीच्या किंवा किमान वैदिक परंपरेबाहेरच्या लोकांत रुजलेली होती आणि ग्रंथकर्त्याला ती आपली वाटत नव्हती. ज्या लोकांना असुर म्हणून वेगळे काढले त्यांचा आकार पुढे सांचीपासून जावाच्या बोरोबुदूरपर्यंत पोहोचला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले होते. नागपूरची निवड त्यासाठीच केली, असे त्यांचे प्रतिपादन होते. शतपथ ब्राह्मणातील उल्लेख त्या प्रतिपादनाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गोल तो बौद्ध आणि चौकोनी तो वैदिक, अशी वाटणी करता येत नाही. शुल्बसूत्रांत वर्तुळाकार वेदीचेही गणित आहे, आणि स्तूपाच्या माथ्यावरील हर्मिका चौरस असते. गांधारातील स्तूप तर चौरस पीठावर उभे आहेत. फरक आकारात कमी आणि आकार कोण ठरवितो ह्यात अधिक आहे. वेदीच्या विटेत चूक झाली की यज्ञ बिघडतो आणि ती चूक कोणती हे पुरोहित सांगतो. स्तूपाची एक वीट, वेदिकेचा एक स्तंभ, एक आडवी सूची कोणीही देऊ शकत असे. आणि देणाऱ्याचे नाव त्या दगडावर कोरले जात असे.

महापरिनिब्बान सुत्तात आनंदाला सांगितले आहे की, तथागताचा स्तूप चार मोठे रस्ते मिळतात तेथे उभारावा. दोन रेषा छेदतात तेथे बिंदू होतो. स्तूपाची भूमिती तेथून सुरू होते. पण चौक म्हणजे सर्वांच्या येण्याजाण्याची जागा. गर्भगृहाच्या दाराशी अडविले जाणाऱ्यांना चौकात अडविता येत नाही. त्याच ठिकाणी भगवंतांनी भिक्षूंना असेही सांगितले की, अवशेषांच्या पूजेत तुम्ही गुंतू नका, ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील. स्तूप हा आरंभापासून उपासक-उपासिकांच्या ताब्यातील विषय होता.

आता पवनीकडे वळू. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी येथे स्तूप उघडकीस आले. त्यांपैकी जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील, ज्याचे नाव शालेय पुस्तकात क्वचितच येते, तो स्तूप सांचीहून किंचित मोठाच होता. विटांचे अंड, भोवती प्रदक्षिणापथ आणि दगडी वेदिका, अशी त्याची रचना. वेदिकेचे कोरीव व ब्राह्मी लेखयुक्त अवशेष सापडले. बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि मुचलिंद नाग ही त्यांवरील शिल्पे प्रसिद्ध आहेत. नागांच्या ह्या मुलखात बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद दगडावर कोरला जावा, हे विसरण्यासारखे नाही.

वेदिका म्हणजे रेषांचा खेळ. उभे स्तंभ, त्यांच्या खाचांत बसविलेल्या आडव्या सूची आणि वरचे उष्णीष. सूचीचा छेद भिंगासारखा फुगीर असतो. दगडात खाच करून त्यात दुसरा दगड बसविणे ही दगडाची रीत नव्हे. ती सुताराची रीत आहे. लाकडी कुंपण बांधणारे हातच पुढे दगडाकडे वळले. कुंपणाची सरळ, तुटक रेषा आणि त्यामागची घुमटाची अखंड वक्ररेषा, ह्या विरोधामुळे सांचीचा स्तूप आहे त्यापेक्षा मोठा भासतो. नव्या विहारांत घुमट असतो पण वेदिका नसते, आणि मग तो घुमट उघडा, पोरका दिसतो असे माझे मत आहे.

सांचीचे आणखी एक माप पाहण्यासारखे आहे. व्यास ३६.६ मीटर आणि छत्र-हर्मिका सोडून उंची सुमारे १६.५ मीटर. पूर्ण अर्धगोल असता तर उंची १८ मीटरच्या पुढे गेली असती. म्हणजे आपण ज्याला अर्धगोल म्हणतो तो वस्तुतः माथ्यावर थोडा दबलेला आहे, हर्मिकेसाठी सपाट केलेला आहे. शिवाय हा स्तूप एका वेळी बांधलेला नाही. सम्राट अशोकाच्या काळातील विटांचा मूळ स्तूप आजच्या जवळजवळ निम्म्या व्यासाचा होता. शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढविण्यात आला. येथे साधे गणित करून पाहावे. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते. नव्या आवरणासाठी मूळ स्तूपाच्या सातपट भर लागते. एवढी सामग्री एका राजाच्या आज्ञेने आली नाही. सांचीच्या वेदिका आणि तोरणांवरील शेकडो लहान लहान दानलेख त्याची साक्ष देतात. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांचा लेख आहे तो सर्वपरिचित आहेच.

महाराष्ट्राच्या डोंगरांत हे आकार बाहेरून आत गेले. ऊन, पाऊस आणि वर्षावास ह्यांसाठी स्तूपावर छप्पर हवे होते, आणि गोल वस्तूभोवती फिरण्यासाठी सर्वांत स्वाभाविक छप्परही गोलच. जुन्नरच्या तुळजा लेण्यात असे चैत्यगृह आहे: सुमारे २५ फूट व्यासाची गोल खोली, मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटाकार छत. राजस्थानातील बैराट येथील मौर्यकालीन गोल चैत्यगृह विटा व लाकडी खांबांचे होते. तुळजा लेणे म्हणजे त्याच कल्पनेचे दगडी रूप. मुंबईतील कोंडिविटे येथे गोल दालनापुढे एक आयताकृती सभागृह जोडलेले दिसते, मध्ये जाळीच्या खिडक्यांची भिंत. आणि पुढे ती भिंत गळून पडली. गोल आणि आयत एकमेकांत मिसळले आणि भाजे, कोंडाणे, अजिंठा, कार्ले येथील गजपृष्ठाकार चैत्यगृह तयार झाले: पुढे सरळ, मागे अर्धवर्तुळ. स्तूपाभोवती फिरणे आणि एकत्र बसून धम्मश्रवण करणे, ह्या दोन गरजांची ती गाठ आहे. फिरणाऱ्याला वर्तुळ हवे, बसणाऱ्याला आयत हवा.

भाजे येथील चैत्यगृह सुमारे ५९ फूट लांब आहे. त्याचे अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत. ते आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडी घरात वाकविलेल्या फासळ्यांचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार त्यांना आत झुकवीत असे. डोंगरात कोरलेल्या खांबाला असा रेटा नसतो, तरी तो झुकलाच. कार्ल्याला हा झुकाव संपला. तेथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. आत ३७ खांब, दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी. रुंदी आणि उंची सारखी ठेवल्याने त्या दालनाचा छेद चौकोन आणि वर्तुळ दोन्हींत बसतो. छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. आणि प्रवेशद्वाराच्या कामाचा दाता म्हणून धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. हत्यार धरणारा हातच येथे दान देणारा हातही आहे.

ह्या सर्व ठिकाणी अष्टकोनी खांब का दिसतो, ह्याचे उत्तर कारागिरीत आहे. दगड प्रथम चौकोनी तासला जातो. गोल खांबाकडे जाताना चार कोपरे उडवावे लागतात आणि अष्टकोन होतो. पुन्हा कोपरे उडवले की सोळा बाजू, आणि मग वर्तुळ. चौकोनाच्या कर्णाच्या निम्म्या लांबीची दोरी घेऊन चारही कोपऱ्यांवरून चाप फिरविले तर ते बाजूंना जेथे छेदतात तेच अष्टकोनाचे आठ बिंदू. संख्या लिहिता न येणाऱ्या माणसालाही हे साधते. अष्टकोन आणि अष्टांगिक मार्ग ह्यांची सांगड आपल्या व्याख्यानांत नेहमी घातली जाते. ती ऐकायला बरी वाटते, परंतु लेण्यांतील एकाही लेखात ती आढळलेली मला ठाऊक नाही.

प्रतीकांच्या बाबतीत आपल्याकडे अशी घाई फार होते. चौकोन म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे जल, त्रिकोण म्हणजे अग्नी, अर्धचंद्र म्हणजे वायू, ही पंचमहाभूतांची जोड उत्तरकालीन वज्रयानातील आहे. जपानमधील पाच दगडांच्या समाधी ह्याच क्रमाने रचलेल्या असतात. हा अर्थ त्या देशांतील स्तूपांना लागू आहे. तो सांची-पवनीवर लादणे म्हणजे हजार वर्षे मागे जाऊन दुसऱ्याचा शब्द पहिल्याच्या तोंडी घालणे होय. नागार्जुनकोंड्याच्या स्तूपांत चाकासारखी आऱ्यांची मांडणी आहे. तिला धम्मचक्र म्हणण्यास हरकत नाही, पण त्या आऱ्या म्हणजे मधल्या पोकळ्यांत माती भरून विटांची बचत करणाऱ्या भिंतीही आहेत. अर्थ आणि उपयोग तेथे एकाच वेळी नांदतात.

विहाराचा आकार ह्याहून साधा. मध्ये चौरस अंगण किंवा सभागृह आणि तीन बाजूंना खोल्या. अजिंठ्याचे बारा क्रमांकाचे लेणे पाहावे: खांब नाहीत, मूर्ती नाही, तीन भिंतींत बारा खोल्या आणि प्रत्येकीत दोन दगडी ओटे. सर्व खोल्या समान. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव याने सोळा क्रमांकाचे लेणे करविले, तोवर मागच्या भिंतीत मध्यभागी बुद्धमूर्ती आली होती. चौरसाला आता एक अक्ष मिळाला. दारापासून मूर्तीपर्यंत सरळ रेषा. विहार निवासाबरोबर उपासनेचे स्थान झाला. आपले आजचे विहार ह्या दुसऱ्या आराखड्याचे वंशज आहेत: एक खोली, समोर दार, मागे मूर्ती. स्तूपाचे नव्हेत. घुमट त्यांवर वरून आलेला आहे.

तो कोठून आला? दोन वास्तूंचा प्रभाव स्पष्ट आहे. मुंबईची चैत्यभूमी, जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तेथील स्मारकाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झाले. चौरस इमारत आणि वर छोटा घुमट. जागा अपुरी, समुद्र शेजारी, आणि तरीही त्या साध्या चौकोन-घुमटाची छबी घराघरांत गेली. दुसरी वास्तू दीक्षाभूमी. वास्तुविशारद शिवदानमल मोखा यांच्या आराखड्याप्रमाणे १९७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तळमजल्यावर चौरस सभागृह, त्यावर १२० फूट व्यासाचा घुमट, चार दिशांना चार द्वारे. १२० फूट म्हणजे सांचीचेच माप. परंतु सांचीचा स्तूप भरीव आहे, दीक्षाभूमीचा पोकळ. हा फरक लहान नाही. जुन्या स्तूपात जिवंत माणसाला आत जागाच नव्हती; तो बाहेरून फिरण्यासाठी होता. ज्या समाजाला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले त्याने आपला स्तूप आत जाण्यासाठी बांधला.

पोकळ घुमटाची किंमत मात्र भूमितीत मोजावी लागते. अर्धगोल कवचात माथ्यापासून सुमारे ५२ अंशांपर्यंत सर्वत्र दाब असतो. त्याखाली आडव्या दिशेने ताण सुरू होतो, म्हणजे घुमट आपल्या तळाशी फाकू पाहतो. दगड-विटांना ताण सोसत नाही. म्हणून तळाशी लोखंडी सळ्यांचे कडे घट्ट बांधावे लागते, किंवा घुमट चपटा घेऊन त्याचा रेटा जाड आधारावर सोडावा लागतो. गोराईच्या विपश्यना पॅगोडात सुमारे ८५ मीटर व्यासाचे दालन एकही खांब न घेता एकमेकांत गुंतणाऱ्या दगडांनी आच्छादलेले आहे. ते २००९ मध्ये खुले झाले. एवढा विचार गावच्या आठ-दहा फुटी घुमटासाठी सहसा होत नाही. सळ्या उभ्या घातल्या जातात, आडवे कडे विसरले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तळाजवळ उभ्या भेगा दिसू लागतात आणि पाणी नेमके मूर्तीवर गळते. असे तीन विहार ह्या लेखकाने स्वतः पाहिले आहेत. दोष कारागिराचा म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्याला नकाशा कोणीच दिला नव्हता.

महावंसात ह्या विषयाला लागून दोन प्रसंग आहेत. राजा दुट्ठगामणीने अनुराधपुरला महास्तूप बांधावयास घेतला तेव्हा त्याने कारागिराला विचारले, आकार कसा ठेवशील? कारागिराने सोन्याचे पात्र पाण्याने भरले, तळहाताने पाणी उडविले, आणि पृष्ठभागावर बुडबुडा उठला तो दाखवून असा करीन म्हणून सांगितले. हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. दुसरा फारसा सांगितला जात नाही. त्याआधी स्तूपाचे वर्तुळ आखण्यासाठी मधल्या खुंटीला बांधलेला फिरता दंड घेऊन एक अमात्य मोठा घेर काढू लागला होता. तेथे उपस्थित असलेल्या सिद्धत्थ थेरांनी ते पाहून त्याला थांबविले. इतका मोठा स्तूप सुरू केला तर तो पुरा होण्यापूर्वीच राजाचे आयुष्य संपेल, आणि पुढे एवढ्या मोठ्या स्तूपाची डागडुजी करणेही कठीण जाईल, असा विचार त्यांनी केला. दोरी आखूड करण्यात आली. इतके करूनही स्तूप पुरा झालेला पाहण्यापूर्वीच राजाला मृत्यू आला, असे तोच ग्रंथ सांगतो.

तुमसर-बपेरा रस्त्यावरील त्या वस्तीत पुढल्या बैठकीत ही दुसरी कथा सांगितली. घुमटाचे पृष्ठफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, दहा फुटांऐवजी वीस फूट केला तर गिलावा आणि रंग चौपट लागतात, हेही फळ्यावर मांडून दाखविले. चर्चा बराच वेळ चालली. शेवटी असे ठरले की, घुमट व्हावा पण सहा फुटांचा, आणि तो स्लॅबवर न ठेवता समोरच्या अंगणात, भरीव, विटांचा, चौरस ओट्यावर. भोवती चालण्यास वाट सोडावी. मागची खोली मुलांना मिळावी. वडीलधाऱ्यांपैकी दोघे अखेरपर्यंत नाराज होते आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. रस्त्यावरून दुरून घुमट दिसावा, ही त्यांची इच्छा होती.

आखणीच्या दिवशी गवंड्याने अंगणाच्या मध्यात लोखंडी सळई ठोकली, तीन फुटांची सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला खिळा धरून तो फिरू लागला. ज्या उपासिकेने प्रश्न विचारला होता ती हातात चुन्याचे घमेले घेऊन त्याच्यामागून चालत होती आणि खिळ्याने उमटलेल्या रेघेवर मुठीने चुना सोडीत होती.